पंगतीतून न उठणाऱ्या मोटारी

श्रूजबरी, मॅसॅच्युसेट्स
(तिथी लिहीत नाही, कारण सिद्धेशच्या घरच्या कॅलेंडरवर नुसते डोंगर आणि तलाव आहेत. फाल्गुन असावा.)

सौ. पद्मिनीताई विहीणबाई यांना,

सांगलीच्या, पण सध्या बर्फात मुक्काम असलेल्या अहिल्येचा मनापासून नमस्कार, आणि तेवढाच व्याहीबुवांनाही. तुमचा गुडघा कसा आहे? ऑपरेशननंतर तुम्ही जिना चढू लागलात असं नेत्रा म्हणाली, ऐकून फार बरं वाटलं. उतरताही येतो का, ते मात्र तिने सांगितलं नाही, तेवढं कळवा. व्याहीबुवांची रक्तातली साखर कशी आहे, आणि ते तुमची पाठ वळली की चहात घालतात ती कशी आहे, अशी दोन्ही साखरांची खबर द्यावी. नागपुरात आता कूलर पुसायला काढले असतील. इथे मी स्वेटरवर स्वेटर आणि त्यावर शाल अशी बसले आहे.

फोन असताना पत्र कशाला, असं तुमच्या मनात आलं असेल. या घरात फोन हॉलच्या मधोमध ठेवून सगळ्यांनी एकदम करायचा असतो. त्यात दोन विहिणींनी बोलण्यासारखं काही बोलताच येत नाही. सिद्धेशचा मित्र प्रसाद मेहुणीच्या लग्नाला नागपूरला निघालाय, त्याच्या हाती हे देते. (पाकीट चिकटवलंय. तरी कड उचललेली दिसली तर समजा, प्रसादची बायको नैना फार चौकस आहे.)

नेत्रा उत्तम आहे. आठवा संपत आला, पाय थोडे सुजतात, डोहाळे सगळे तिखटाचे. तुम्ही पाठवलेला काळा मसाला तिने संपवला आणि आता माझ्या गोड्या मसाल्याकडे दयेने बघते. तुम्ही एप्रिल लागताच येताय आणि मी मार्चअखेर निघतेय. घरात पाहुण्यांची खोली एकच, तेव्हा एका बाजूचे आईवडील गेल्यावर दुसऱ्या बाजूचे आणायचे, अशा पाळ्या लावायची इथल्या मुलांची रीतच आहे. पहिलं बाळंतपण माहेरच्या माणसाच्या हातचं, हेही रीतीला धरूनच झालं. नातवंडाचं तोंड मी सांगलीहून फोनवर बघीन. माझं काही म्हणणं नाही. बॅगसुद्धा भरून तयार आहे.

पत्र लिहिण्याचं कारण वेगळंच आहे. ते म्हणजे मोटारी.

तुम्हाला ठाऊकच आहे की विजेची गाडी घ्यायचा हट्ट तुमच्या लेकीचा. सिद्धेशला पेट्रोलचीच हवी होती. पण ती म्हणाली, बाळ येणार त्या घरात धूर सोडणारी वस्तू नको, आणि तो गप्प बसला. गप्प बसला म्हणजे रोज बोलत राहिला. कारण यांच्या भाड्याच्या घराला गाडी लावायचा खांब नाही. त्यासाठी गावातल्या एका मोठ्या किराणा दुकानाच्या आवारात जावं लागतं. तिथे हिरव्या रंगाने आखलेल्या चार जागा आहेत आणि प्रत्येकीसमोर एक खांब. खांबाची नळी गाडीत खुपसायची आणि दोन तास दुकानात कांदे बघत फिरायचं. त्यातून थंडीत या गाडीची वीज भराभर संपते, आणि हीटर लावला तर आणखीच. म्हणून आम्ही हीटर न लावता हिंडतो. बसायची गादी तेवढी गरम होते, ती फारशी वीज खात नाही. त्यामुळे माणूस एका बाजूने भाजलेल्या भाकरीसारखा घरी पोचतो. सिद्धेशचं पालुपद एकच: ऐन वेळी वूस्टरच्या हॉस्पिटलात जायचं झालं आणि गाडीत वीजच नसली तर? वेळ आहे तोवर गाडी परत करू. नेत्रा म्हणायची, जागा मिळाली तर रोज भरलेली ठेवीन. आणि जागा मिळायची नाही. का मिळायची नाही, हा प्रश्न मला या वयात पडला.

तुम्हाला माहीतच आहे, मी तीस वर्षं मंगल कार्यालय चालवलं. माणसं बसतात कशी आणि उठत का नाहीत, यावर माझं घर चाललं. तेव्हा पहिल्या दिवशी दुकानाच्या काचेआडच्या बाकावर बसून त्या चार जागांकडे पाहिलं आणि लगेच ओळख पटली. अहो, ही पंगत आहे! चार पानं मांडली आहेत, वाढपी म्हणून खांब उभे आहेत, आणि बाहेर दुसरी पंगत भुकेली ताटकळतेय. एका पानावर बर्फ ओढणाऱ्या यंत्राने आवारातला सगळा बर्फ आणून ओतलेला (म्हणजे पानावर फक्त भाताचा ढीग). दुसऱ्यावर पेट्रोलचा एक अगडबंब ट्रक. त्याला विजेची नळी खुपसायला भोकच नाही. म्हणजे कडकडीत उपास असलेला माणूस पहिल्या पंगतीत मांडी घालून बसलाय. तिसऱ्यावर विजेचीच गाडी, पण पोट भरून तास उलटून गेलेला. आमच्याकडे हात धुऊन पुन्हा पानावर येऊन सुपारी कातरत राजकारण बोलणारे असतात, त्यातली. (तुमच्या मामांचा इथे मुद्दाम उल्लेख करत नाही.) आणि चौथ्यावर एक जुनी, लांबोडकी, तपकिरी पेट्रोल गाडी, जी दर गुरुवारी तिथेच असायची.

नेत्रा चिडायची. सिद्धेश त्याहून चिडायचा, तिच्यावर. मला राग आला नाही. मला असं झालं की या माणसांच्या डोक्यात नेमकं चाललंय काय ते एकदा विचारावं. नेत्रा म्हणाली, "आई, इथे असं कुणाला विचारत नाहीत. अ‍ॅपवर कंप्लेंट टाकतात." आणि तिने मला फोनवर त्या तक्रारी वाचून दाखवल्या. काय एकेक शिव्या, ताई! आपल्याकडे भाऊबंदकीच्या खटल्यात ऐकू येणार नाहीत. पण गंमत अशी की शिव्या देणारा त्याच आवारात गाडीत बसून देतो आणि खाणारा दहा पावलांवर अंडी निवडत असतो. दोघांची गाठ पडत नाही. मला हे फारच चमत्कारिक वाटलं.

तेव्हा मी विचारायला लागले. माझं इंग्रजी तुम्हाला माहीत आहे, क्रियापद सापडेपर्यंत समोरचा घाबरून खरं बोलून टाकतो. ट्रकवाल्याने सांगितलं की तो विजेची गाडी घ्यायच्या विचारात आहे. (म्हणजे लग्नाची पत्रिका अजून छापायची आहे, पण हा जेवून घेतोय.) एक पोरगी म्हणाली, पाचच मिनिटं. त्या पाच मिनिटांत मी बाळाचं अख्खं टोपडं विणत आणलं. एका गृहस्थाला तर हिरवा रंग म्हणजे भाजी घेणाऱ्यांची जागा वाटली होती, आणि ते लोणी घ्यायला आले होते म्हणून मनातून खजील होते. सगळी माणसं भली. एकालाही आपण कुणाच्या पानावर बसलोय याचा पत्ता नव्हता.

मग मी म्हटलं, पत्ता द्यावा. आपल्याकडे दुसऱ्या पंगतीची मंडळी काय करतात? जेवणाऱ्याच्या खुर्चीमागे जाऊन उभी राहतात. काही बोलायचं नाही, खुर्चीच्या पाठीवर हात ठेवायचा. मठ्ठ्याचा शेवटचा घोट आपोआप घाईत जातो. मीही तेच केलं. पोट भरलेली एक निळी गाडी होती, तिच्यामागे जाऊन डिकीवर हात ठेवून उभी राहिले. अंगावर शाल, डोक्याला सिद्धेशच्या बाबांची माकडटोपी, पायात नेत्राचे बूट. बर्फ भुरभुरत होता. दहा मिनिटांत दुकानातली एक मुलगी चाकांची खुर्ची घेऊन धावत आली, दुसरीने मला पांघरूण गुंडाळलं, आणि आत लाउडस्पीकरवर पुकारा झाला (हे नेत्राने नंतर सांगितलं) की कुणाची तरी आजी आवारात हरवली आहे आणि ती एका गाडीला सोडत नाहीये. हे सगळं इंग्रजी माझ्या डोक्यावरून गेलं, मी त्यांना हात हलवून थँक्यू म्हणत खुर्चीत बसून राहिले. नेत्रा पोट सांभाळत आली तेव्हा मी गरम कोको पीत होते. तिने मला गाडीत बसवलं. मग इतकी हसली की मलाच भीती वाटली, काही होतंय की काय.

एवढ्यावर मी थांबले असते तर बरं झालं असतं, पण उपाय फसला की दुसरा सुचतो हा माझा स्वभाव. माझ्या लक्षात आलं, उभं राहणं हा पाहुण्याचा उपाय, यजमानाचा वेगळा. यजमान कधी उठा म्हणत नाही, तो विडा देतो. विडा हातात पडला की कसलाही बसका माणूस गुडघ्यावर हात टेकतो. (मुलांच्या लग्नात तुमच्या मामांनाही मी विडाच दिला होता, सगळ्यांसमोर हात धरून उठवलं हे त्यांच्या बाजूने तिखटमीठ लावून सांगितलं गेलं.) आता इथे पान कुठून आणू? म्हणून घरात नेत्राच्या सँडविचच्या छोट्या प्लास्टिकच्या पिशव्या होत्या, त्यांत चिमूटभर बडीशेप आणि चार खडे खडीसाखर घालून पुड्या केल्या. आणि त्या निळ्या गाडीच्या काचेवरच्या वायपरखाली एक नीट खोचून ठेवली.

आता तुम्ही डोळ्यांपुढे आणा, ताई. पारदर्शक पुडी. आत हिरवट वाळलेलं काहीतरी आणि पांढरे स्फटिक.

निळ्या गाडीची बाई शेजारच्या योगासनाच्या वर्गाहून चटई काखेत मारून आली, पुडी पाहिली, तीन पावलं मागे सरली आणि तिने पोलिसांना फोन लावला. पोलीस आला तो कोवळा पोरगा, मिशीसुद्धा नाही. त्याने हातमोजे घालून पुडी दिव्यासमोर धरली. मला वाटलं कौतुकाने बघतोय, म्हणून मी पिशवीतल्या उरलेल्या पुड्या काढून त्याच्यापुढे केल्या. त्याचा चेहरा बदलला. मी म्हटलं, "आफ्टर फूड. ईट. देन गेट अप." आणि प्रात्यक्षिक म्हणून एक पुडी तोंडात रिकामी केली. तो जवळजवळ किंचाळला. तेवढ्यात नेत्रा आली. "आई, प्लीज, आता तुम्ही काही खाऊ नका, मी हँडल करते!" पुढचं सगळं ती इंग्रजीत बोलली, मध्ये मध्ये माझ्याकडे बोट, मध्ये मध्ये पोटाकडे. अखेर योगावाल्या बाईने पुडी हुंगली आणि तिला आठवलं: इंडियन हॉटेलच्या दारापाशी वाटीत असते ती! मग सगळे हसले, पोलीस सगळ्यांत शेवटी. बाई ओशाळून नेत्राला म्हणाली की मागे कुणी थांबलंय हे तिला माहीतच नव्हतं, तिला कधी कुणी सांगितलंच नाही. तेव्हापासून वर्ग सुटला की ती तडक गाडी हलवते, आणि जाताना माझ्याकडे हात पुढे करते. पुडीसाठी.

ते वाक्य मात्र माझ्या मनात राहिलं. सांगितलंच नाही, म्हणून कळलं नाही. अ‍ॅपभर शिव्या पडल्या, पण त्या बाईला कुणी सांगितलं नव्हतं.

राहिली ती तपकिरी गाडी. तिचे मालक फ्रँक, वय माझ्याहून थोडं जास्त, आणि माझ्याच बाकावर येऊन बसायचे. मी विचारलं, तुम्ही तिथे का लावता? ते म्हणाले, मी तिथेच लावतो. इथे नुसती माती होती तेव्हापासून, मग डांबर झालं, मग पट्टे पडले, परवा परवा हिरवा रंग आला. गाडी आपली आहे तिथेच. आमच्या कार्यालयात बापूकाका होते, पंख्याखालची तिसरी खुर्ची त्यांची. कुणाचंही लग्न असो, आमंत्रण असो नसो. मी त्यांना कधी विडा दिला नाही. फ्रँकनाही दिला नाही. नुसतं नेत्राकडे बोट दाखवून सांगितलं की तिला एप्रिलमध्ये बाळ आहे आणि त्या खांबाचं काम आहे. फ्रँकनी तिच्याकडे पाहिलं, मग उठून गेले आणि गाडी लांब, कचऱ्याच्या पेटीपाशी लावून आले. परत येऊन पुन्हा बाकावर बसले. मग मी त्यांना आमच्याकडची जागा धरायची पद्धत सांगितली: एस.टी.च्या खिडकीतून रुमाल टाकला की ती जागा आपली. ते म्हणाले, इकडे बर्फ पडल्यावर ज्याने फावड्याने जागा मोकळी केली तो तिथे घरची खुर्ची ठेवतो. ती खुर्ची कुणी हलवत नाही. आम्हाला दोघांनाही एकमेकांची पद्धत एकदम पटली.

आता एक गोष्ट सांगते, घाबरू नका. नेत्राने आईला सांगू नका असं बजावलं होतं म्हणून फोनवर बोलले नाही. गेल्या आठवड्यात मोठं वादळ झालं, आणि गुरुवारी सकाळी तिच्या पोटात दुखायला लागलं. आम्ही तिला घेऊन वूस्टरला गेलो. मी मागच्या सीटवर तिचं डोकं मांडीवर घेऊन बसले होते. सिद्धेशने हीटर पूर्ण लावला आणि रस्ताभर समोर दिसणाऱ्या विजेच्या टक्क्यांकडे बघत राहिला. कळा खोट्या निघाल्या. डॉक्टरांनी दुपारी घरी सोडलं, बाळ छान आहे. पण गाडी पार रिकामी झाली होती, आणि रात्री पुन्हा दुखलं असतं तर? दुकानाच्या आवारात शिरेपर्यंत दोघं भांडत होते. सिद्धेश म्हणाला, "बस झालं यार नेत्रा, उद्याच ही गाडी रिटर्न करतो." ती खिडकीबाहेर बघत होती. पानं सगळी भरलेली. ट्रक, निळी नव्हे पण तिच्यासारखीच एक, आणि डोंगराएवढा बर्फ.

कोपऱ्यातली चौथी जागा मात्र खरडून स्वच्छ केलेली होती. तिच्या मधोमध स्वयंपाकघरातली एक लाकडी खुर्ची होती, आणि खुर्चीच्या पाठीला चौकड्यांचा लाल रुमाल बांधलेला. फ्रँक काचेआड बाकावर बसले होते. मी हात केला तर त्यांनी नुसती मान हलवली, जसं काही त्यात विशेष नव्हतं.

नेत्रा रडली. मीही रडले, उगाच का लपवू. सिद्धेशने उतरून खुर्ची बाजूला ठेवली, नळी लावली, आणि बराच वेळ खांबाकडे तोंड करून उभा राहिला. तेव्हापासून गाडी परत करायची भाषा त्याने काढलेली नाही. त्या खुर्चीवर बसून मी पिशवीतले दोन डिंकाचे लाडू खाल्ले आणि दोन फ्रँकना दिले. त्यांना डिंक चिकटतो म्हणून कवळी काढावी लागली, पण त्यांनी संपवले.

असो. पत्र लांबलं. घरातल्या मोठ्यांना नमस्कार, लहानांना आशीर्वाद, आणि तुमच्या मामांना जे योग्य वाटेल ते सांगावं.

आपली,
अहिल्या

ता. क. येताना अळीव आणि डिंक आणा. इथे मिळतो त्याला वास नाही. काळा मसाला दुप्पट.

ता. क. दुसरा. बॅग भरून तयार आहे असं वर लिहिलंय, त्या बॅगेत सध्या फक्त तुमच्यासाठी घेतलेले मोजे आहेत. तिकीट पुढे ढकलता येतं, असं सिद्धेश परवा जेवताना म्हणाला. मग त्याने नेत्राकडे पाहिलं आणि नेत्राने ताटाकडे. विमानतळावर माझ्या पासपोर्टावर जूनपर्यंतची मुदत मारून दिलेली आहे. पण खोली एक, पाळी तुमची, आणि लग्नापासून आपल्या दोघींना एका छताखाली आणायची या मुलांची छाती होत नाही. म्हणून मीच सांगते, कारण सांगितल्याशिवाय कळत नाही: मला त्या बाळाला हातात घ्यायचंय हो, ताई. फोनवर नाही. खोली तुमची, पलंग तुमचा, बाळाची पहिली आंघोळ तुमची. मी हॉलमधल्या सोफ्यावर झोपीन आणि दिवसा तुमच्या खुर्चीमागे उभी राहीन, काही न बोलता. तुम्ही नेत्राला फोनवर आपल्या मनाने सुचल्यासारखं म्हणा, "गुडघा अजून बरा नाही, अहिल्याताईंना थांबवून घे." मामांची राहिलेली जिलबी मी सांगलीला गेले की पोचती करीन. त्यांना उठवलं ते बरोबरच होतं, पण जिलबी राहिली हे खरं.

ता. क. तिसरा. बाळ माझ्या मांडीवर एकदा झोपून उठलं, की तुमच्या हाताने मला बडीशेपेची पुडी द्या. त्याच दिवशी उठते. पण त्याआधी उशीखाली पुडी सापडली, तर त्या पोलीस पोराचा नंबर माझ्याकडे आहे.